डाव्या कोपऱ्यातली गाठ

९ फेब्रुवारी

अक्का,

परवा फोनवर मी माझ्या खांद्याची कर्मकहाणी सांगत होतो आणि तू तिसऱ्यांदा ‘बरं बरं, जेवून घे’ म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की आता पत्रच लिहायचं. बावीस वर्षं शिलाई मशिनींच्या खडखडाटात काढल्यावर कानांनी किती साथ द्यायची? डोळे शाबूत आहेत ना, मग वाच.

खांदा गेलाय. उजवा. गेल्या हंगामात हमाल कमी आले म्हणून शेवटची साठ पोती मी स्वतः ट्रकवर चढवली. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याची कळशीसुद्धा डाव्या हाताने. हिने लगेच सगळ्या कळशा माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवल्या. सहानुभूती म्हणतात ती हीच.

आता बातमी. पीठगिरणीवाल्यांनी फाट्यावर लोखंडी कोठार बांधलंय, तीन मजली घराएवढं उंच. त्यांना पुढे पोत्यांतला गहू नकोय, सुटा हवाय. कापणीचं यंत्र त्यांचंच येणार, तेच मळणी करणार आणि गहू थेट ट्रकमध्ये ओतणार. अट एकच, आमच्या गटातल्या बाराही जणांनी हो म्हणायचं. महिनाअखेरीला बैठक आहे. हिशेब तसा सरळ आहे : हमाली वाचेल, पोती वाचतील, माझा दुसरा खांदा वाचेल. तुला काय वाटतं?

मामाची आठवण भाचीला सांग. आणि हो, गेल्या हंगामात चारशे पोत्यांत तुझी चौदा निघाली होती, हे कळवलं होतं ना? दोन वेढे, उलटा फास. एक ओढ दिली की सुटणार, नाहीतर जन्मात सुटायची नाही. आईने तुला शिकवली ती गाठ मला अजून जमत नाही.

तुझा ढब्या
(वजन आता अठ्ठावन्न किलो. नाव बदलायचं तेवढं बघ.)


२० फेब्रुवारी

ढब्या,

नाव बदलणार नाही. सहा वर्षांचा असताना तू धान्याच्या कणगीत अडकला होतास आणि चौघांनी ओढून बाहेर काढलं होतं. ते नाव कमावलेलं आहे.

खांद्याला शेक दे आणि डॉक्टरांचं ऐक. आता तुझ्या सरळ हिशेबाबद्दल.

‘पोती वाचतील’ असं तू लिहिलंस. अरे शहाण्या, ती पोती कोण शिवतं? आमच्या कारखान्यात चाळीस बायका आहेत. मशीन तळाची शिवण मारते, पण कोपऱ्याशी धागा सोडून देते. तिथे दाभणाने सुतळी ओवून हाताने गाठ मारावी लागते, नाहीतर पहिल्याच उचलीला तळ उसवतो. प्रत्येकीची गाठ वेगळी. मुकादम गाठ बघून सांगतो कुणाचं पोतं ते. तुला तुझ्या खळ्यावर माझी चौदा ओळखता येतात ती त्याचमुळे. तुझ्यासाठी तो खेळ आहे, माझं ते पोट आहे.

पलीकडच्या खोऱ्यातल्यांनी गेल्या वर्षीच सुटा माल सुरू केला. तेव्हा आमच्याकडच्या दोन पाळ्यांची एक झाली. मालक परवा सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या भागातली मागणी टिकली तर शिलाई विभाग चालेल, नाहीतर कुलूप. तुमचा गट त्या भागातला सगळ्यात मोठा. बाकीचे तुमच्याकडे बघून ठरवणार.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. बैठकीत पोत्यांच्या बाजूने हात वर कर. एकच वर्ष. पोरीचा लॅबचा कोर्स पुढच्या वर्षी संपतो, ती एकदा नोकरीला लागली की मग तुम्ही गहू विमानाने पाठवा, माझं काही म्हणणं नाही. एकट्याने अडवलं तरी पुरेल, असं तूच लिहिलंयस. बारा जणांचं एकमत लागतं.

हे लिहायला मला चार दिवस लागले. चौपन्नाव्या वर्षी धाकट्या भावापुढे हात पसरणं सोपं नसतं.

अक्का


६ मार्च

अक्का,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला खरंच सुचलं नव्हतं. पोतं म्हटलं की मला वजन आठवतं, तुझं दाभण आठवत नाही. चूक झाली.

बैठक झाली. तुझं म्हणणं मी मांडलं. बरीच चर्चा झाली. गिरणीचा माणूस टाय लावून आला होता आणि आमच्या खळ्यावरच्या धुळीत त्याचा टाय हळूहळू राखाडी होत गेला, ते बघण्यातच अर्धे जण गुंग होते. अजून सगळं पक्कं व्हायचंय, कागदपत्रं व्हायची आहेत. तू काळजी करू नकोस.

इकडे कापणीला माणसं मिळत नाहीत. दरवर्षी तीस जण यायचे, गेल्या वर्षी आठ आले. गहू उभा वाळला, ओंब्या फुटल्या, दाणे जमिनीवर सांडले. पाखरांची चैन झाली. बाकीची माणसं तुमच्या शहराकडे गेली म्हणतात. तुला कुणी दिसलं का?

खांदा तसाच आहे.

ढब्या


२५ मार्च

ढब्या,

तू शब्द टाकलास, जिवाला बरं वाटलं. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू लाजला असतास, म्हणून लिहून टाकते.

तुमच्याकडची माणसं दिसली का म्हणून विचारलंस. आमच्या दारातच उभी असतात, रोज सकाळी. बऱ्याचशा बायकाच. विळा धरून धरून तळहात असे झालेत की दाभण टोचलं तरी कळत नाही. निम्म्या मजुरीवर बसायला तयार आहेत, त्यामुळे मालकाने आमचाही दर उतरवला. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग एकीशी बोलले. ती नऊ वर्षं तुझ्या शेतावर कापणीला होती. तुला ‘चष्मेवाले मालक’ म्हणते. तुझी बायको उरलेली भाजी डब्यात भरून द्यायची, ते तिला आठवतं. मी तिचं नाव विळेवाली ठेवलंय. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते, गाठ मारायला शिकतेय.

इथे सगळं चालू आहे. हंगाम संपला की नेहमीसारखं कळव, या वेळी माझी किती निघाली ते. वाट बघते.

अक्का


२ मे

अक्का,

हंगाम उरकला. पीक चांगलं आलं, एवढं चांगलं गेल्या पाच वर्षांत नव्हतं.

तुझ्या खेळाचा निकाल : या वर्षी एकोणीस! आजवरचा सगळ्यात मोठा आकडा सतरा होता, मी जुन्या वहीत बघितलं. सगळ्या गाठी डाव्या कोपऱ्यात, जिथल्या तिथे. फक्त एक जरा सैल वाटली. वय झालं अक्का तुझं.

हीसुद्धा आठवण काढते. भाचीला परीक्षेसाठी शुभेच्छा.

तुझा ढब्या


११ मे

ढब्या,

तुमच्या गटाच्या नावाचे गठ्ठे दरवर्षी पंधरा मार्चला आमच्या दारातून बाहेर पडतात. या वर्षी एकही गाडी निघाली नाही. तुमची पोती गोदामात उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवली होती. मी रोज त्यांच्याभोवती झाडू मारायचे, कारण मार्चअखेरीपासून मला शिलाईवरून काढून झाडलोटीला लावलं होतं. दहा एप्रिलला विभागच बंद झाला. चाळीसच्या चाळीस जणींना एका दुपारी घरी पाठवलं.

मग तुझी ती एकोणीस पोती कुणी शिवली?

मी मार्चच्या पत्रात काही सांगितलं नाही, कारण गठ्ठे हलले नव्हते आणि मला वाटलं, तू स्वतःहून सांगशील. तुला बोलायला जागा ठेवली होती मी. तू त्या जागेत एकोणीस पोती आणून रचलीस.

तुमच्या शेतात यंत्र दीड दिवस फिरलं, हे मला विळेवालीने सांगितलं. तिच्या जावेने रस्त्यावर उभं राहून बघितलं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला माझ्या भावाकडून कळायचं होतं.

नोकरी गेल्याचं दुःख आहेच. ती कदाचित तुझ्या एका हाताने वाचलीही नसती, एवढं मला कळतं. पण ‘सैल वाटली’ हे तू कुठल्या तोंडाने लिहिलंस? माझी गाठ बावीस वर्षांत एकदाही सैल निघालेली नाही.

सध्या पत्र लिहू नकोस.

अक्का


३ जून

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस, तीन आठवडे थांबलो. आता लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा सुट्या मालासाठी बाराही हात वर गेले. माझा चौथा होता. तुझं म्हणणं मांडलं असं मी लिहिलं होतं. मांडलं होतं, पण बैठकीच्या आधी, चहा पिताना, शेजारच्या शेतकऱ्यापुढे. तो म्हणाला, बघ बाबा, बहीण तुझी आहे. मग टायवाला आला आणि मी गप्प बसलो.

का, ते सांगतो. सबब म्हणून नाही. आठ माणसांनी माझं शेत कापून होत नाही. आणखी एक वर्ष दाणे जमिनीवर गेले असते तर मला जमीन दुसऱ्याला कसायला द्यावी लागली असती. खांद्याने पोतं उचलवत नाही. हात वर करताना मला तू दिसत होतीस, पण खांदा माझा दुखत होता. जवळचं दुखणं जिंकलं.

यंत्र आलं. दोन आठवड्यांचं काम दीड दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलो, कापणीच्या महिन्यात, आयुष्यात पहिल्यांदा. उठलो तेव्हा सगळं इतकं शांत होतं की कुणी गेलंय की काय असं वाटलं.

तसं बरंच काही गेलंच आहे. विळे करणारा लोहार आता खिडक्यांच्या जाळ्या जोडतो, नवीन घरं आमच्याच गटातले लोक बांधतायत, त्यामुळे त्याचं बरं चाललंय म्हणे. हमालांपैकी दोघे कोठारावर लागले, बाकीचे कुठे गेले कुणाला माहीत नाही. चहावाल्याने दुसरा स्टोव्ह बंद केला. दुपारची एसटी रिकामी धावायची, ती रद्द झाली. ज्यांना जायचं होतं ते गेले आणि ज्यांना यायचं होतं त्यांना यायचं कारण उरलं नाही. माझ्या हातात मात्र गेल्या वर्षीपेक्षा जास्त उरलंय. हे तुला सांगताना मान वर होत नाही.

एकोणीस कुठून आली ते सांगतो. आकडा मनाचा नव्हता. दरवर्षी तुझ्या गाठीची एक-दोन पोती मी गिरणीला देत नाही, घरीच ठेवतो. बियाण्याचं धान्य त्यातच असतं. तुला काहीतरी कळवायचं म्हणून मी कोठीच्या खोलीत गेलो आणि ती मोजली. एकोणीस भरली. सैल एकही नव्हती. ते वाक्य मी खोटं खरं वाटावं म्हणून घातलं. सगळ्या पत्रात त्याच वाक्याची जास्त लाज वाटते.

इकडे ये. भाचीलाही घेऊन ये. खोली रिकामी आहे.

ढब्या


१९ जुलै

अक्का,

उत्तर नाही. कळतं मला. भाचीने फोनवर एवढंच सांगितलं की आई कामं शोधते आहे. माझा खांदा बरा आहे, हे कळवायला लिहिलं. बाकी काही नाही.

ढब्या


४ सप्टेंबर

ढब्या,

तुझं जूनचं पत्र मी स्टुलाखाली ठेवलं होतं. स्टूल डुगडुगत होतं, तेवढाच उपयोग. परवा काढून पुन्हा वाचलं.

राग आहे. थोडा उतरलाय. कोठीतल्या पोत्यांमुळे उतरला की काय, मला सांगता येत नाही, आणि तू विचारूही नकोस.

तिकडे येणार नाही. तुझ्या कोठीच्या खोलीत विसावं पोतं म्हणून बसायचं नाहीये मला. पोरीची परीक्षा आहे, खोलीचं भाडं चालू आहे आणि मला अजून हात आहेत.

आता इकडचं ऐक. मालकाने शिलाई मशिनी भंगारात वजनावर घातल्या. तुमच्या नावाचे गठ्ठेही त्यातच गेले, पायपुसण्यांसाठी. मी दोन महिने दारोदार फिरले. शिवणकामाच्या दुकानात म्हणाले, बारीक सुई चालवता येते का? दाभणाची सवय असलेला हात, सदऱ्याला बटण लावायला गेले तर सदराच फाटला. एका शाळेत भांडी घासली. तिथे ऐकू येत नाही म्हणून काढलं. भांड्यांना कान कशाला लागतात, असं मी विचारलं, पण त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

या दोन महिन्यांत एक गोष्ट पाहिली, ती तुला सांगायला हवी. आमच्या गल्लीत पीठ स्वस्त झालंय. खरंच झालंय, वाणी स्वतः सांगतो. कोपऱ्यावरच्या बेकरीने दुसरी भट्टी लावली आणि चार पोरी कामाला घेतल्या. त्यातली एक आपली. सकाळी पाव मोजते, दुपारी वर्गात जाते, त्यामुळे कोर्स सहा महिने लांबला. ज्यांचे पगार चालू आहेत त्या बायका पिठाच्या उरलेल्या पैशांत पोरांना बूट घेतायत. बूटवाला खूश आहे. तुझ्या एका हाताने माझं काम गेलं आणि त्याच हाताने माझ्या पोरीला काम लागलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकत्र डोक्यात मावत नाही, म्हणून मी आळीपाळीने विचार करते.

मलाही काम लागलं आहे. सुटा गहू ट्रकमधून नेताना वर झाकायला ताडपत्री लागते, आता जिकडेतिकडे ट्रकच ट्रक. नदीपलीकडे ताडपत्रीचा नवा कारखाना निघालाय. दारात नऊजणींची रांग होती. मुकादमाने जाड कापडाचा तुकडा, दाभण आणि दोरी पुढे टाकली. बाकीच्या बघत राहिल्या. विळेवाली आणि मी दोघीच लागलो. ती माझीच शिष्या.

मजुरी पहिल्यापेक्षा कमी. आणि डोळे उघडे आहेत माझे : पोतं दोन हंगामांत फाटतं, ताडपत्री सहा वर्षं टिकते. एकदा सगळ्या ट्रकांना मिळाली की हेही संपेल. तोवर पोरगी नोकरीला लागेल, असा माझा हिशेब. तुझ्या हिशेबाइतका सरळ नाही, पण आहे.

कोपऱ्यांना कडी बसवतात तिथे मशीन पोचत नाही. ते हाताने करावं लागतं.

बियाण्याच्या पोत्यांत कडुनिंबाचा पाला घाल. कीड लागली तर तुझी खैर नाही.

अक्का


१८ एप्रिल

अक्का,

आज हंगाम उरकला. एक दिवस लागला, यंत्र या वेळी मोठं होतं. अकरा ट्रक भरले.

मी अकराच्या अकरा ट्रकांवर चढलो. डाव्या हाताने. गिरणीच्या माणसाला सांगितलं, धान्याचा ओलावा तपासतोय. त्याने विचारलं, ओलावा ताडपत्रीच्या कोपऱ्यात कसा तपासतात? मी म्हटलं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. दहा ट्रकांच्या ताडपत्र्यांवर कड्यांपाशी गाठी होत्या, पण कुणाकुणाच्या, मला न ओळखता येणाऱ्या. एक बहुतेक विळेवालीची असावी, तुझ्यासारखी सुरू होते आणि मध्येच मन बदलते.

सातव्या ट्रकवर, मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात होती. दोन वेढे, उलटा फास. मी चष्मा पुसून पुन्हा बघितली. खाली उतरलो आणि परत चढलो. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याला सगळं सांगितलं : तू, पोती, एकोणीस, माझं ते वाक्य. भला माणूस आहे, त्याने इंजिन बंद केलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

या वर्षी एक.

माझ्या आकड्यावर तू विश्वास का ठेवणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र त्याच्यापुढेच, बॉनेटवर ठेवून लिहिलंय. खाली त्याच्या दोन ओळी आहेत.

गाठ घट्ट आहे. ओढून पाहिली नाही.

तुझा ढब्या

ताई, गाठ मी स्वतः बघितली. एकच आहे, खरी आहे. हे इथून हलत नाहीत, मला माल पोचवायचा आहे, तेव्हा लवकर उत्तर द्या.
— ट्रक नंबर सातचा ड्रायव्हर